गोणी न उसवता: जुन्या डेटा टाइपला नवं काम शिकवताना

ठाण्याहून पहाटेची ट्रान्स हार्बर पकडली की ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अंधारातच मागे पडतात. तुर्भ्याला उतरून बाजार समितीत पोहोचेपर्यंत गाड्या खाली व्हायला लागलेल्या असतात. सगळे त्याला वाशी मार्केट म्हणतात. आत मात्र कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य अशी पाच मार्केटं आहेत आणि मोजायच्या रीतीही वेगवेगळ्या. कांदा गोणीत येतो, किलोवर विकला जातो. मेथी-कोथिंबिरीचा भाव शंभर जुड्यांवर निघतो. हापूस पेटीत येतो, पण हिशोब डझनाचा.

तिथल्या काही गाळ्यांसाठी मी हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिते. सुरुवात एका कांद्याच्या गाळ्यापासून झाली. वजन घ्यायचं, दराने गुणायचं, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा करायचं आणि शेतकऱ्याच्या हाती द्यायची पट्टी छापायची, एवढंच काम. ते नीट चाललेलं पाहून फळांच्या मार्केटातून बोलावणं आलं. तिथल्या मेहताजींना, म्हणजे हिशोबनिसांना, मी काका म्हणते. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे किलो चालत नाही. पेटी टाका." मग भाजीवाल्यांनी जुडी मागितली. तेवढ्यात कांद्याच्या शेठनी वेगळंच काढलं: "पट्टी झाली, आता शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज जाऊ दे. आणि महिन्याचा गोषवारा पण द्या."

या सगळ्या मागण्या ऐकायला सारख्याच, 'थोडं वाढवून द्या' अशा. पण त्यांच्या जाती दोन आहेत. पेटी आणि जुडी म्हणजे नवा माल, जुनंच काम. मेसेज आणि गोषवारा म्हणजे जुनाच माल, नवं काम. या दोन्ही मागण्या सारख्याच सहज पेलणारी प्रोग्रामिंगची भाषा मिळणं अवघड, आणि त्याचं कारण समजलं की फंक्शनल भाषांमधली एक फार सुंदर कल्पना आपोआप समजते. हा लेख त्या कल्पनेसाठी आहे.

एक तक्ता डोळ्यांसमोर आणा. आडव्या ओळींत माल: कांदा, मेथी, हापूस. उभ्या रकान्यांत कामं: किंमत काढणं, पट्टीवरची ओळ छापणं, मेसेज लिहिणं. प्रत्येक चौकोनात थोडा कोड. 'मेथीची किंमत कशी काढायची' हा एक चौकोन, 'हापूसचा मेसेज कसा लिहायचा' हा दुसरा. कुठलीही भाषा घेतली तरी हे चौकोन भरावेच लागतात. प्रश्न एवढाच की ते कापून गठ्ठे कसे बांधायचे.

जावासारख्या ऑब्जेक्टच्या भाषा आडवं कापतात. कांद्याचा एक क्लास, त्याच्या पोटात कांद्याची सगळी कामं. नवा माल आला तर नवा क्लास लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही. पण नवं काम आलं तर प्रत्येक क्लास उघडून त्यात भर घालावी लागते. फंक्शनल, म्हणजे फंक्शनांभोवती बांधलेल्या, भाषा उभं कापतात. आधी मालाचे प्रकार एका ठिकाणी जाहीर करायचे, मग प्रत्येक कामाचं एक फंक्शन लिहायचं आणि त्यात सगळ्या मालांचा विचार करायचा:

    माल = कांदा किलो | मेथी जुड्या | हापूस डझन

    किंमत (कांदा किलो) = किलो × किलोचा_दर
    किंमत (मेथी जुड्या) = जुड्या ÷ १०० × शेकड्याचा_दर
    किंमत (हापूस डझन) = डझन × डझनाचा_दर

(हा कोड मी समजण्यापुरता देवनागरीत लिहिला आहे. हास्केल ही अशीच एक फंक्शनल भाषा; खऱ्या हास्केलमध्ये टाइपचं, म्हणजे डेटाच्या प्रकाराचं, नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावं लागतं आणि आपल्या लिपीत लहान-मोठं अक्षर हा भेदच नाही, त्यामुळे तिथे रोमनची मदत घ्यावीच लागते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.)

इथे मेसेजचं काम आलं तर नवं फंक्शन लिहून मोकळं व्हायचं. पण उद्या कलिंगड आलं, तर किंमत, ओळ, मेसेज ही सगळी फंक्शनं उघडावी लागतात. कोड आपलाच असेल तर हे फार जड जात नाही, कारण 'या फंक्शनात कलिंगडाचं काय करायचं ते लिहिलेलं नाही' असं कंपायलर, म्हणजे कोड तपासून यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, दाखवून देतो.

एक बाजू सोपी केली की दुसरी अवघड होते, हे संगणकशास्त्रज्ञ जॉन रेनॉल्ड्स यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. १९९८ मध्ये फिलिप वॉडलर यांनी त्याला 'एक्स्प्रेशन प्रॉब्लेम' हे नाव दिलं आणि अट कडक केली: नवी ओळ आणि नवा रकाना, दोन्ही वाढवता आले पाहिजेत, जुना कोड बदलायचा नाही, तो पुन्हा कंपाइलही करायचा नाही आणि टाइपची तपासणीही सैल होऊ द्यायची नाही.

जुना कोड बदलायचा नाही, ही अट ऐकून पूर्वी मला वाटायचं की का नाही बदलायचा? फाइल आपली, कीबोर्ड आपला. उत्तर काट्याने दिलं.

गाळ्यावरच्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे आकडे वाचायला मी एक तयार लायब्ररी वापरते. कुणी तरी मेहनतीने लिहून सर्वांसाठी खुली केलेली. तिच्यात 'वजन' नावाचा टाइप आहे. तो मी लिहिलेला नाही आणि तो बदलायचा अधिकारही मला नाही. मी त्याची प्रत काढून बदलली, तर मूळ लेखकाने उद्या केलेली दुरुस्ती मला मिळणार नाही. गोणी दुसऱ्याने भरून, सुतळीने शिवून पाठवली आहे. ती उसवायची नाही आणि तरी तिने माझ्या पट्टीवर नीट छापलं जायचं आहे. रोजच्या कामात एक्स्प्रेशन प्रॉब्लेम बहुतेक वेळा याच रूपात भेटतो.

काही भाषा सांगतात, खुशाल उसवा. रुबी आणि जावास्क्रिप्टमध्ये भाषेच्या मूळ टाइपमध्येसुद्धा बाहेरून नवी मेथड, म्हणजे टाइपच्या पोटातलं फंक्शन, घालता येते. आधीच्या एका नोकरीत आम्ही हेच केलं होतं. आकड्यांच्या क्लासमध्ये 'रुपयांत' नावाची मेथड घातली होती. ती पैशांपर्यंत दाखवायची. काही महिन्यांनी दुसऱ्या गटाने त्याच नावाची मेथड त्याच क्लासमध्ये घातली. त्यांची पूर्ण रुपयाला गोल करायची. ज्याची फाइल शेवटी लोड होईल त्याचं खरं. आमच्या मशीनवर आमची शेवटी व्हायची, सर्व्हरवर त्यांची. चार दिवस बिलांमधले पैसे गायब होत होते आणि दोन्ही गटांचा कोड आपापल्या जागी अगदी बरोबर होता. चुकीची ओळ शोधायला गेलं तर चुकीची ओळच नव्हती. त्या चार रात्री मी विसरलेले नाही. या विषयाची ओढ मला तिथूनच लागली.

हेच जगाच्या पातळीवरही घडलं आहे. मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीने जावास्क्रिप्टच्या अ‍ॅरेमध्ये स्वतःची 'फ्लॅटन' मेथड घातली होती. पुढे भाषेलाच अधिकृत 'फ्लॅटन' द्यायचं ठरलं, तेव्हा फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत जुनी वेबसाइट मोडली. २०१८ मध्ये त्यावर मोठा वाद झाला आणि शेवटी भाषेने नाव बदलून 'फ्लॅट' केलं. कुणी तरी केव्हा तरी उसवलेल्या गोणीपायी संपूर्ण भाषेला एक शब्द सोडावा लागला.

दुसरा उपाय त्याहून सभ्य आहे. सी-शार्पमध्ये २००७ पासून एक्स्टेन्शन मेथड आहेत, कॉटलिनमध्येही तशीच सोय आहे. बाहेर साधं फंक्शन लिहायचं, पण हाक मारताना ते टाइपचंच असल्यासारखं मारायचं. मूळ टाइप जसाच्या तसा राहतो, त्यामुळे आमच्यासारखा घोळ होत नाही. पण ही फक्त लिहिण्याची सोय आहे. उद्या एखादं फंक्शन म्हणालं, "मला छापता येणारी कुठलीही वस्तू द्या", तर तिथे 'वजन' चालत नाही. मी बाहेर 'छाप' लिहिलं असलं तरी 'वजन' हा 'छापता येणारा' म्हणून नोंदलेलाच नाही. शेजाऱ्याच्या मुलाला आपण घरी कितीही 'बाळ्या' म्हटलं, तरी शिधापत्रिकेवर त्याचं नाव चढत नाही.

आता फंक्शनल भाषांकडे.

१९६७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी कोपनहेगनमधल्या व्याख्यानांत एक फरक दाखवला. यादीची लांबी मोजणारं फंक्शन कांद्याच्या यादीला आणि माणसांच्या यादीला एकाच पद्धतीने चालतं; आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अधिक या चिन्हाचं तसं नाही. पूर्णांकांची बेरीज वेगळी, दशांशाची वेगळी. नाव एक, कामं दोन. पहिल्याला त्यांनी 'पॅरामेट्रिक' म्हटलं, दुसऱ्याला 'अ‍ॅड हॉक'. पहिल्याचा सिद्धांत लवकरच भक्कम झाला. दुसऱ्यासाठी मात्र प्रत्येक भाषा जागच्या जागी ठिगळ लावत राहिली. स्टँडर्ड एमएलने 'समान आहे का' या एका प्रश्नासाठी खास टाइप ठेवले. मिरांडात कुठल्याही दोन गोष्टींची तुलना करता यायची, अगदी दोन फंक्शनांचीही, आणि मग प्रोग्राम चालता चालता कोसळायचा.

सप्टेंबर १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला भरलेल्या परिषदेत काही संशोधकांनी सगळ्यांसाठी एक समाईक फंक्शनल भाषा करायचं ठरवलं. तीच हास्केल. तिच्यात हे ठिगळ नको, म्हणून वॉडलर आणि त्यांचे सहकारी स्टीफन ब्लॉट यांनी एक उपाय काढला आणि १९८९ मध्ये तो मांडला. १ एप्रिल १९९० रोजी हास्केलचा पहिला अहवाल आला, त्यात तो होता. त्याचं नाव टाइपक्लास.

नावातल्या 'क्लास'ने गोंधळू नका. जावाच्या क्लासशी याचा संबंध नाही. इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक टाइप, म्हणजे माल. दुसरा टाइपक्लास, म्हणजे अटींची यादी: 'मोजण्याजोगा म्हणवून घ्यायचं असेल तर किंमत आणि ओळ ही दोन कामं आली पाहिजेत.' आणि तिसरा इन्स्टन्स, म्हणजे या दोघांना जोडणारा कागद: 'हापूस मोजण्याजोगा आहे, आणि त्याची किंमत अशी काढतात.'

    क्लास मोजण्याजोगा ट:
        किंमत : ट → रुपये
        ओळ : ट → मजकूर

    इन्स्टन्स मोजण्याजोगा हापूस:
        किंमत ह = डझन ह × डझनाचा_दर
        ओळ ह = "हापूस, " + डझन ह + " डझन"

सगळी जादू या तिसऱ्या कागदात आहे. तो टाइपच्या पोटात नाही, क्लासच्या पोटातही नाही. तो वेगळा आहे, म्हणून नंतर लिहिता येतो. काट्याच्या लायब्ररीतलं 'वजन' माझ्या 'मोजण्याजोगा' क्लासला जोडायला मला फक्त हा कागद लिहायचा आहे. गोणीला दाभण लागतच नाही. आणि इथे नुसती लिहिण्याची सोय नाही. 'वजन' खरोखर मोजण्याजोगं झालं. 'कुठलाही मोजण्याजोगा माल द्या' म्हणणारं प्रत्येक फंक्शन, मग ते मी लिहिलेलं असो की माझ्या आधी कुणी लिहिलेलं, आता ते स्वीकारतं:

    पट्टी : मोजण्याजोगा ट ⇒ यादी ट → मजकूर

हे असं वाचायचं: ट कुठलाही चालेल, मात्र ट मोजण्याजोगा असल्याचा कागद हवा.

कंपायलर याचं आत काय करतो हे मला कळलं, त्या दिवशी हा विषय माझा झाला. तो 'पट्टी'ला गुपचूप एक जादा आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनच्या हाती द्यायची गोष्ट, जोडतो. फंक्शनांचं एक छोटं टिपण. हास्केलवाले त्याला डिक्शनरी म्हणतात. तुम्ही 'पट्टी'ला हापूसची यादी दिली की कंपायलर टाइप पाहतो, हापूसचं टिपण शोधतो आणि यादीसोबत पाठवतो. वरच्या ओळीत जो दुहेरी बाण (⇒) काढलाय, त्याच्या डावीकडे जे लिहिलंय, ते हेच न दिसणारं आर्ग्युमेंट.

यातून ऑब्जेक्टशी असलेला फरक स्पष्ट होतो. ऑब्जेक्टमध्ये टिपण प्रत्येक नगाला टाचलेलं असतं. प्रत्येक पेटीवर चिठ्ठी: 'मला असं मोजा.' टाइपक्लासमध्ये टिपण मालापासून सुटं, गाडीच्या ड्रायव्हरजवळ असतं. पूर्ण गाडीला एकच.

सुट्या टिपणाचा फायदा कुठे दिसतो? एखाद्या दिवशी संपामुळे गाडीच आली नाही असं धरा. यादी रिकामी. एकूण किती? शून्य, पण शून्य काय? किलो, जुड्या की डझन? टाचलेल्या चिठ्ठीच्या पद्धतीत विचारायला एकही पेटी नाही. सुटं टिपण मात्र गाडी रिकामी असली तरी ड्रायव्हरजवळ असतंच, आणि त्यावर 'या टाइपचं शून्य म्हणजे शून्य डझन' असं लिहून ठेवता येतं. वस्तू अस्तित्वात नसताना तिच्या टाइपकडून उत्तर मिळणं ही ताकद एक्स्टेन्शन मेथडमध्ये येऊच शकत नाही.

दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. कागद अटीवरही लिहिता येतो. 'ट मोजण्याजोगा असेल, तर ट ची यादीही मोजण्याजोगी.' एवढं एकदा लिहिलं की एका शेतकऱ्याच्या मालाची वक्कल मोजता येते, वक्कलांची यादी म्हणजे गाडी मोजता येते, गाड्यांची यादी म्हणजे दिवस, आणि दिवसांची यादी म्हणजे शेठना हवा असलेला महिना. दर पायरीला कंपायलर आधीच्या टिपणावरून पुढचं टिपण स्वतः तयार करतो. गोषवाऱ्याची किंमत काढायचा कोड मी लिहिलाच नाही.

एक अडचण मात्र मान्य करायला हवी. कांदा, मेथी, हापूस हे वेगवेगळे टाइप केले की एकाच यादीत तिन्ही ठेवता येत नाहीत, कारण पूर्ण गाडीला टिपण एकच. टेम्पोत मेथीच्या जुड्यांसोबत दोन पोती कांदा आला तर? मग प्रत्येक नगासोबत त्याचं टिपण बांधून एक पुडकं करावं लागतं. हास्केलमध्ये त्याला एक्झिस्टेन्शियल टाइप म्हणतात, रस्ट या भाषेत डिन. म्हणजे चिठ्ठी पुन्हा पेटीला टाचली. ऑब्जेक्टची पद्धत चूक नव्हती. टिपण कुठे ठेवायचं याचं ते एक उत्तर होतं, आणि मिश्र मालाच्या गाडीला तेच लागतं.

आता खरा पेच. कागद कुणीही, कुठेही लिहू शकतो. मग दोघांनी लिहिला तर?

आमच्याकडे शेतकऱ्यांच्या खात्यांची यादी आडनावाप्रमाणे लावलेली असते. आता सांगा, क्षीरसागर कुठे येणार? शाळेत शिकलेल्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ अगदी शेवटी, ह आणि ळ नंतर. पण संगणक 'क्ष' हे एक अक्षर म्हणून साठवत नाही. क, हलन्त, ष असे तीन तुकडे एकापुढे एक ठेवतो. तुकड्यांच्या क्रमाने पाहिलं तर क्षीरसागर कोल्ह्यांच्या नंतर आणि खैरनारांच्या आधी. दोन्ही क्रमांना आधार आहे. मजकुरासाठी 'क्रम' या क्लासचे दोन वेगळे कागद सहज लिहिले जातील.

यादी मोठी असली की संगणक ती झाडासारखी रचतो. मधोमध समजा पाटील. त्याच्या आधीची नावं डावीकडे, नंतरची उजवीकडे, आणि प्रत्येक फांदीवर पुन्हा तसंच. शोधताना प्रत्येक वळणावर एक बाजू सोडून देता येते, म्हणूनच शोध झटपट होतो. आता खातं जोडणाऱ्या कोडने तुकड्यांचा क्रम धरला: क्षीरसागर पाटलांच्या डावीकडे गेले. शोधणाऱ्या कोडने वर्णमालेचा क्रम धरला: क्ष शेवटी, म्हणून उजवीकडे गेला. नाव सापडत नाही. ते झाडात आहे, पण आपण त्या फांदीवर जातच नाही. मग काय होतं? मेहताजी नवं खातं उघडतात. एकाच शेतकऱ्याची दोन खाती, अर्धी उचल एकात, अर्धी पट्टी दुसऱ्यात. प्रोग्राम कुठेही अडखळत नाही, कसली सूचनाही देत नाही. माझ्या जुन्या 'रुपयांत' मेथडसारखंच: दोन बरोबर कोड मिळून एक चुकीचं उत्तर.

म्हणून हास्केलचा नियम आहे की एका टाइपला एका क्लासचा कागद पूर्ण प्रोग्रामात एकच असावा. याला कोहेरन्स म्हणतात. झाड रचणारा आणि झाडात शोधणारा यांना एकच टिपण मिळणार याची खात्री या नियमातून येते. दोन क्रम खरोखरच हवे असतील तर? मग मजकुरावर एक पातळ आवरण चढवायचं आणि त्याला नवं नाव द्यायचं, 'वर्णमालेतलं_नाव'. हा आता वेगळा टाइप, त्याचा वेगळा कागद. हास्केलमध्ये या आवरणाला न्यूटाइप म्हणतात आणि कंपाइल झाल्यावर ते विरून जातं; चालताना त्याचा भार शून्य. आकड्यांनाही हीच युक्ती लागते. आकडे एकत्र करायचे म्हणजे बेरीज की गुणाकार? दोन्ही योग्य, म्हणून हास्केलमध्ये बेरजेचं आवरण वेगळं आणि गुणाकाराचं वेगळं.

पण 'एकच कागद' हा नियम पाळला जातोय हे तपासायचं कसं? मी एका लायब्ररीत कागद लिहिला, तुम्ही दुसऱ्या लायब्ररीत, आणि आपण एकमेकींना ओळखतही नाही. दोन्ही लायब्ररी एकत्र वापरणाऱ्या तिसऱ्याच्या गळ्यात ते भांडण पडतं. यावरचा तोडगा असा: कागद एक तर टाइपच्या घरी लिहा किंवा क्लासच्या घरी. दोन्हीपैकी कुठेच नसलेल्या कागदाला ऑर्फन, म्हणजे पोरका म्हणतात. हास्केलचा जीएचसी कंपायलर पोरक्या कागदाबद्दल इशारा देऊ शकतो, पण अडवत नाही. रस्ट ही भाषा फंक्शनल घराण्यातली नाही, पण तिचे ट्रेट या टाइपक्लासवरूनच आले आहेत, आणि ती पोरका कागद कंपाइलच होऊ देत नाही. सुरुवातीला हे मला अन्यायाचं वाटायचं. टाइपही दुसऱ्याचा, क्लासही दुसऱ्याचा, दोघांना जोडायची गरज मात्र माझी. मग मी का अडावं? आता मी रस्टच्या बाजूने आहे. दोन अनोळखी माणसांच्या कोडमध्ये भांडण लागणार असेल, तर ते शेतकऱ्याच्या खात्यात लागण्याआधी माझ्या स्क्रीनवर लागलेलं बरं.

सगळ्या भाषा असं ठरवत नाहीत. स्कालामध्ये टिपण ही उघड दिसणारी व्हॅल्यू आहे. कंपायलर ती शोधून देतो, पण हवी तर तुम्ही स्वतः दुसरी देऊ शकता. २०२१ च्या स्काला ३ मध्ये त्यासाठी 'गिव्हन' आणि 'यूझिंग' असे शब्द आले. लवचीकता मोठी. पण वेगवेगळ्या क्रमांनी रचलेली दोन झाडं एकत्र करताना कुणाचा क्रम धरायचा, हे तुम्हालाच सांभाळावं लागतं. ओकॅमलमध्ये गुपचूप काहीच होत नाही. क्रमाचं मॉड्यूल, म्हणजे कोडचा नाव दिलेला गठ्ठा, हातात घेऊन 'या क्रमाचं झाड बनव' असं सांगावं लागतं, आणि वेगळ्या मॉड्यूलपासून बनलेल्या झाडांचे टाइपच वेगळे, त्यामुळे क्षीरसागर हरवायची सोयच नाही. लिहायला लागतं थोडं जास्त.

क्लोजरचा रस्ता आणखी वेगळा. तिथे टाइपची तपासणी प्रोग्राम चालतानाच होते. २०१० च्या १.२ आवृत्तीत तिच्यात प्रोटोकॉल आले. जावाने दिलेल्या स्ट्रिंगला, अगदी 'काहीच नाही' असं दाखवणाऱ्या व्हॅल्यूलाही, बाहेरून प्रोटोकॉल जोडता येतो. दोघांनी एकच प्रोटोकॉल एकाच टाइपला जोडला तर शेवटचा टिकतो, म्हणजे ती भीती आहेच. पण फंक्शनचं नाव टाइपच्या घरात न राहता प्रोटोकॉल जाहीर करणाऱ्याच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या कप्प्यात, राहतं. आमचे 'रुपयांत' आणि शेजारच्या गटाचे 'रुपयांत' क्लोजरमध्ये शांतपणे शेजारी नांदले असते.

माझ्या सॉफ्टवेअरचा गाभा रस्टमध्ये आहे. काट्याचं 'वजन' एका लायब्ररीचं, फाइलमध्ये आणि मेसेजमध्ये डेटा उतरवून देणारा ट्रेट दुसऱ्या लायब्ररीचा. थेट जोडायला गेले तर कंपायलरने हात धरला, पोरका कागद म्हणून. मग 'तोलाईचं_वजन' नावाचं आवरण केलं. आत काट्याचं वजन, बाहेर माझा टाइप. त्यावर ट्रेट जोडला आणि गाळ्यावरच्या रिवाजाप्रमाणे किलोपर्यंतच आकडा दाखवला. त्या आवरणासाठी पाच-सहा ठिकाणी झाकण उघडायचा आणि लावायचा कोड लिहावा लागला. कंटाळवाणं काम होतं, हे खरं.

काही महिन्यांनी काट्याच्या लायब्ररीची नवी आवृत्ती आली. तिच्या लेखकाने आता स्वतःच तो ट्रेट 'वजन'ला जोडला होता, ग्रॅमपर्यंतचा आकडा देणारा. टाइप त्याचा, कागद लिहायचा अधिकारही त्याचा. मी आवृत्ती बदलली, रात्री सगळ्या चाचण्या चालवल्या आणि पहाटेच्या गाडीने तुर्भ्याला गेले, कारण स्वतः पाहिल्याशिवाय मला राहवेना. कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर मेहताजी पट्ट्या फाडून एकेका शेतकऱ्याच्या हातात देत होते. मी एक मागून घेतली. बटाटा, बेचाळीस गोण्या, दोन हजार एकशे सात किलो. पुढे दशांश चिन्ह नव्हतं.